आठवी जागा

वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं तरी लिहून द्या, असें संपादकांनीं सांगितलें कीं आम्ही बहुधा एखादा उपयुक्त आणि निरुपद्रवी विषय निवडतों. कधीं पावसाळ्यांतील आरोग्य, कधीं वाचनाचे फायदे, कधीं एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र. अशा लेखांत लेखकाला आपल्या पदरचें कांहींच द्यावें लागत नाहीं. यंदा मात्र आम्हांस तसें करतां येत नाहीं. गेल्या डिसेंबरांत आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती शाळेच्या कॉम्प्यूटर-खोलींत, चाळीस-एक पालकांच्या देखत घडली. जी चूक चारचौघांत झाली ती चारचौघांतच दुरुस्त झाली पाहिजे, असें आम्ही वर्गांत शिकवितों. पण ते पालक पुन्हां एका खोलींत जमविणें आमच्या हातीं नाहीं. हें वार्षिक मात्र प्रत्येकाच्या घरीं जातें. म्हणून हा लेख.

हकीकत नीट समजण्यास आधीं त्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. आज लहान मुलाच्या हातांतहि मोबाइल असतो. एका माणसाचें एक यंत्र, हें आपण गृहीतच धरतों. पूर्वीं तसें नव्हतें. यंत्र एक आणि माणसें अनेक, अशी स्थिति होती. एका थंड राखलेल्या मोठ्या खोलींत मेनफ्रेम नांवाचा अवाढव्य संगणक असे, आणि त्याच्यापासून निघालेल्या तारांच्या टोकांशीं टर्मिनलें असत. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक. त्याला स्वतःची बुद्धि फारशी नसे. आपण लिहिलेलें तें मोठ्या यंत्राकडे पोंचवी आणि आलेलें उत्तर पडद्यावर दाखवी. सारा विचार मोठें यंत्रच करी. तें आपला वेळ इतका बारीक वांटून देई कीं टर्मिनलापुढें बसलेल्या प्रत्येकास वाटावें, हें यंत्र माझ्या एकट्याच्याच सेवेस आहे.

वेळ वांटून देण्याची ही युक्ति अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें प्रथम करून दाखविली. पुढें त्यांच्या यंत्रावर एका वेळीं सुमारें तीस माणसें काम करूं लागलीं. त्या काळीं हा मोठा चमत्कार वाटला. पण तीस जागा भरल्या कीं त्यापुढच्या माणसाला दाराशींच थांबावें लागे. म्हणजे जागेच्या मर्यादेचा प्रश्न या विद्येच्या पाळण्यापासूनच तिच्याबरोबर आहे.

अशी मर्यादा मुळांत असावीच कशाला, असें कोणी विचारील. उत्तर साधें आहे. आंत घेतलेल्या प्रत्येकासाठीं यंत्राला आपल्या स्मृतींत थोडी जागा राखून ठेवावी लागते, आणि फिरून फिरून त्याच्याकडे लक्ष द्यावें लागतें. एका शिक्षकाला एका दिवसांत साठ वह्या तपासतां येतील. त्याच्या मेजावर सहाशें वह्या आणून टाकल्या तर एकहि वही धड तपासून होणार नाहीं. मर्यादा ही बाहेर राहिलेल्याला कठोर वाटते. पण आंत असलेल्यांचें काम तिच्यामुळेंच पार पडतें.

आपल्या ओळखीचें उदाहरण घ्यावयाचें तर आगगाडीच्या आरक्षणाचें घ्यावें. पूर्वीं प्रत्येक गाडीचें, प्रत्येक दिवसाचें आरक्षण मोठाल्या वह्यांतून हातानें लिहीत असत. ज्या खिडकीशीं ती वही, त्याच खिडकीशीं रांग. १९८५ सालीं नवी दिल्ली येथें रेल्वेनें हें काम संगणकावर घेण्यास आरंभ केला. पुढें मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेंहि मोठीं यंत्रें आलीं. हीं यंत्रें मेनफ्रेमहून आकारानें लहान होतीं. पण रचना तीच, यंत्र मध्यें आणि टर्मिनलें खिडक्यांवर. १९९४ सालीं सिकंदराबादेस नवी व्यवस्था सुरू झाली, आणि १९९९ पर्यंत हीं सारीं केंद्रें एकमेकांशीं जोडलीं गेलीं. तेव्हांपासून नागपूरच्या खिडकीवर उभा असलेला मनुष्य मद्रासेहून निघणाऱ्या गाडीचेंहि तिकीट काढूं लागला. खिडकीच्या आंतील बाबूपुढें जो पडदा दिसतो, तो त्या थोर कुटुंबांतलाच एक.

आतां आमच्या शाळेकडे येऊं. कॉम्प्यूटर-मंडळांतील मुलांना हें सारें पुस्तकांतून सांगण्यापेक्षां प्रत्यक्ष दाखवावें, असें आमच्या मनांत आलें. मेनफ्रेम विकत घेणें शाळेच्या ऐपतीबाहेरचें. परंतु त्याची आवश्यकताहि नाहीं. रॉजर बाउलर या गृहस्थांनीं १९९९ सालीं ‘हर्क्युलीस’ नांवाचा एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो साध्या कॉम्प्यूटरांत बसतो आणि बाहेरच्या जगाला आपण आय. बी. एम. कंपनीचें मोठें यंत्र आहों असें भासवितो. त्याच्यावर त्या कंपनीची १९७०-८० च्या सुमाराची जुनी कार्यप्रणाली चालवितां येते. मुलांच्या नेहमींच्या कॉम्प्यूटरांवर १९७१ सालच्या टर्मिनलाची नक्कल करणारा दुसरा एक प्रोग्रॅम घातला कीं झालें: काळा पडदा, हिरवीं अक्षरें, चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळींत ऐशीं अक्षरांची जागा. यंत्र विचारांत गुंतलें असलें म्हणजे पडद्याच्या तळाशीं एक फुली उमटते आणि कळफलक बंद होतो. उत्तर येईपर्यंत तुम्हीं कितीहि कळा दाबा, यंत्र ऐकत नाहीं. आमच्या चपळ मुलांना धीर शिकविण्यास ही फुली फार उपयोगी पडली, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

या आमच्या मेनफ्रेमला आठ टर्मिनलें जोडण्याची सोय होती. सेटिंगच्या फाइलींत आठ ओळी, प्रत्येक ओळींत एक क्रमांक. कोणी जोडणी मागितली कीं त्याला पहिला मोकळा क्रमांक मिळावयाचा. आठहि भरले कीं नवव्याला नकार. मंडळांत मुलें आठच होतीं, त्यामुळें ही मर्यादा आम्हांस कधीं जाणवली नव्हती.

डिसेंबरांत पालकांचा दिवस ठरला. आठहि मुलांनीं आपआपला छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवावयाचा होता. त्यांत नववींतील एक विद्यार्थी होता. त्याचें नांव येथें देत नाहीं. मुलगा मितभाषी, वर्गांत हात वर करण्याचेंहि ज्याच्या जिवावर येतें असा. त्याचे वडील रेल्वेंत आरक्षणाच्या खिडकीवर काम करतात, आणि कुटुंब अजनीच्या रेल्वे वसाहतींत राहतें. वडिलांनीं जपून ठेवलेल्या एका जुन्या भाडेपत्रकावरून त्यानें कोबोल भाषेंत प्रोग्रॅम लिहिला होता. अंतर किती तें सांगितलें कीं यंत्रानें भाडें सांगावें. दीड महिना तो त्याच्यावर खपत होता. वडिलांनीं त्या दिवशीं पाळी बदलून घेतली होती, हें आम्हांस मागाहून कळलें.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीं हा मुलगा सेटिंगची ती फाइल उघडून बसलेला आम्हांस दिसला होता. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाला, “सर, नुसतें वाचत होतों. क्रमांक कसे दिले आहेत तें बघत होतों.” वाचण्यास हरकत नाहीं, पण हात लावूं नकोस, असें सांगून आम्ही पुढें गेलों.

पालकांच्या दिवशीं सकाळीं साडेसात वाजतां आम्हीं शाळेंत येऊन यंत्र सुरू केलें. सर्व ठीक आहे ना, हें पाहण्यासाठीं स्टाफरूममधील आमच्या मेजावरील कॉम्प्यूटरावरून एकदां जोडणी केली. यंत्राची स्वागताची पाटी पडद्यावर आली. समाधान वाटलें. इतक्यांत प्रार्थनेची घंटा झाली, म्हणून पडद्याचें बटण बंद करून आम्ही प्रार्थनेस गेलों. वाचकांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें. आमच्या मात्र तें लक्षांत राहिलें नाहीं.

अकरा वाजतां पालक जमले. मुलें आपआपल्या जागीं बसलीं. एकामागून एक सात पडदे हिरवे झाले. आठव्या जागेवरून आवाज आला, “सर, माझा पडदा येत नाहीं.” आम्ही जाऊन पाहतों तों इंग्रजींत एकच ओळ उमटली होती. तिचा भावार्थ असा कीं, मोकळें टर्मिनल शिल्लक नाहीं, म्हणून जोडणी नाकारली आहे.

आम्हीं पत्ता पुन्हां घालावयास लाविला. तेंच उत्तर. केबल काढून दुसरी लाविली. तेंच उत्तर. मग त्याला शेजारच्या मुलीच्या जागीं बसविलें, आणि तिला त्याच्या जागीं. तिनें आपली जोडणी सोडतांच त्याचा पडदा क्षणांत उजळला. आणि आतां त्याच्या कॉम्प्यूटरापुढें बसलेल्या तिला नकार मिळाला.

या ठिकाणीं कोणाहि विचारी माणसाच्या ध्यानांत यावयास हवें होतें कीं दोष मुलाचा नाहीं, कॉम्प्यूटराचा नाहीं, केबलचाहि नाहीं. कोणींहि सात आंत जातात आणि जो शेवटीं येतो तो अडतो, याचा अर्थ एक जागा आधींच भरलेली आहे. गणिताच्या तासाला हेंच उदाहरण दिलें असतें तर सहावींतील मुलानें उत्तर दिलें असतें. परंतु आमच्या मागें चाळीस पालक कुजबुजत होते, मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहत होते, आणि आम्हांस उत्तर नको होतें. कोणी तरी जबाबदार हवा होता. फाइल उघडून बसलेला तो मुलगा आम्हांस आठवला.

“परवां तूंच त्या फाइलींत हात घातला होतास,” आम्ही म्हणालों. आमचा आवाज मोठा होता.

“नाहीं सर. मीं कांहीं बदललें नाहीं.”

“मग हें आपोआप झालें काय? खरें बोलण्याचें धैर्य नसेल तर निदान बाजूस उभा राहा.”

तो कांहीं बोलला नाहीं. मुलीची जागा तिला परत दिली आणि भिंतीशीं जाऊन उभा राहिला. मागच्या बांकावर त्याचे वडील बसले होते. तेहि कांहीं बोलले नाहींत. उरलेल्या सात मुलांचे प्रोग्रॅम उत्तम झाले. पालकांनीं टाळ्या वाजविल्या.

त्यानंतर पालक चहासाठीं सभागृहांत गेले. दुपारीं लहान वर्गांना दाखवावयाचें म्हणून सातहि पडदे तसेच चालू ठेवले होते. खोलींत एकटे राहिल्यावर आम्हीं ती सेटिंगची फाइल उघडली. आठ ओळी, आठ क्रमांक, एकहि अक्षर बदललेलें नाहीं. फाइलींत शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वींचा होता, आणि तो आम्हींच केला होता. मन चरकलें. पण मनुष्याचें मन असें कीं दुसऱ्यावरील आरोप खोटा ठरला तरी आपल्याकडे वळून पाहण्यास तें एकदम तयार होत नाहीं. तें म्हणतें, मग जागाच अपुरी असेल. आम्हीं तोच मार्ग धरला आणि चालू यंत्रालाच नववा क्रमांक जोडून दिला.

त्यानें काय झालें तेंहि सांगण्यासारखें आहे. आठव्या जागेवरच्या कॉम्प्यूटरावर आतां नकार आला नाहीं. हर्क्युलीसची पाटी दिसली. पण तिच्यापुढें कांहींच नाहीं. दार उघडलें, पण आंत गेलेल्याला विचारणारें कोणी नाहीं. कारण अशा यंत्रांत टर्मिनलाची नोंद एकाच ठिकाणीं करून भागत नाहीं. तिच्या जणूं तीन वह्या असतात. पहिली यंत्राची: अमुक क्रमांकाला अमुक उपकरण जोडलें आहे. दुसरी कार्यप्रणालीची: हे हे क्रमांक माझ्या ओळखीचे आहेत. तिसरी टर्मिनलांशीं बोलणाऱ्या दूरसंचार-विभागाची: या या टर्मिनलांना मीं स्वागताची पाटी पाठवावी. आम्हीं पहिल्या वहींत नांव घातलें. उरलेल्या दोन वह्यांत तें नव्हतें. शिवाय या तिन्हींच्या पलीकडे, एका वेळीं किती जणांना प्रत्यक्ष काम करूं द्यावयाचें याची आणखी एक निराळी मर्यादा असतेच. एक भिंत पाडली कीं तिच्यामागें दुसरी दिसते. घाईनें मर्यादा वाढवूं पाहणाऱ्यास हा अनुभव हटकून येतो.

आम्ही त्या अर्ध्या उघडलेल्या पडद्याकडे पाहत बसलों असतां दारांत पाऊल वाजलें. मुलाचे वडील होते.

“सर, पोराचें दप्तर राहिलें होतें.”

दप्तर भिंतीशींच पडलेलें होतें. त्यांनीं तें उचललें, आणि जातां जातां सवयीनें पडद्याकडे पाहिलें. आयुष्याचीं वीस-बावीस वर्षें ज्याचीं टर्मिनलापुढें गेलीं त्याची नजर तिकडे गेल्याशिवाय कशी राहील?

“जागा नाहीं म्हणतें का अजून?”

“वाढविली, तरी चालत नाहीं,” आम्हीं खालच्या मानेनें सांगितलें.

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “सर, लहान तोंडीं मोठा घास होतो. पण मी आधीं हें बघतों कीं आंत बसलेले कोण कोण आहेत. आपण मोजले का?”

आम्हीं मोजले नव्हते. दोन तास गेले, केबल बदलली, माणसें बदललीं, नवा क्रमांक जोडला, एका मुलाला भिंतीशीं उभें केलें. पण आंत कोण बसलें आहे हें एकदांहि विचारलें नव्हतें. आणि विचारण्यास एका शब्दाची आज्ञा पुरते. हर्क्युलीस आपल्या सर्व उपकरणांची यादी दाखवितो, आणि प्रत्येक टर्मिनलापुढें तें कोणत्या कॉम्प्यूटराकडून जोडलें आहे त्याचा पत्ताहि देतो. आम्हीं ती आज्ञा दिली. नववा क्रमांक आम्हीं जोडलेला, तो निराळा. मूळचे आठहि क्रमांक भरलेले होते. सात पत्ते खोलींतील सात कॉम्प्यूटरांचे. प्रत्येक कॉम्प्यूटरावर त्याच्या पत्त्याचा शेवटचा आंकडा चिठीवर लिहून डकविलेला आहे, त्यामुळें ताडून पाहण्यास वेळ लागला नाहीं. यादींतील अगदीं पहिल्या क्रमांकावर मात्र एकतीस हा आंकडा होता. खोलींत एकतीस कोठेंच नव्हता.

“एकतीस कुठला?” त्यांनीं विचारलें.

आम्हांस तो आंकडा ठाऊक होता. ती चिठी आम्हींच आपल्या हातानें डकविली होती.

आम्ही स्टाफरूमकडे गेलों. तेहि दप्तर हातांत घेऊन मागून आले. मेजावरचा पडदा काळा होता. आम्हीं बटण दाबलें. सकाळीं साडेसातची स्वागताची पाटी, हिरव्या अक्षरांत, जशीच्या तशी समोर उभी राहिली. पडदा मालविला म्हणजे यंत्र बंद झालें, असें समजून आम्ही प्रार्थनेस गेलों होतों. आणि आमचा कॉम्प्यूटर सकाळपासून त्या मेनफ्रेमची पहिली जागा अडवून अंधारांत बसला होता.

ते दाराशीं उभे होते. इतकेंच म्हणाले, “पडदा बंद केला म्हणून माणूस उठून गेला असें होत नाहीं, सर. नव्या पोरांना आम्हीहि आधीं हेंच सांगतों.” मग नमस्कार करून ते निघून गेले. मुलाविषयीं ते एक अक्षरहि बोलले नाहींत. बोलले असते तर आम्हांस थोडें हलकें वाटलें असतें.

मागाहून विचार करतां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. अशा जुन्या यंत्रांतहि आळशी पाहुण्यास बाहेर काढण्याचा नियम असतो. नांव व पासवर्ड सांगून आंत शिरलेला माणूस ठराविक वेळ स्वस्थ बसला तर यंत्र त्याचें काम बंद करून त्यास बाहेर घालवितें. पण आम्ही आंत शिरलोंच नव्हतों. स्वागताची पाटी पाहून उंबरठ्यावरच उभे राहिलों होतों. ना आंत, ना बाहेर. जो आंत येतो त्याला नियम लागतो. उंबरठा अडविणाऱ्याला तो नियम लागू पडत नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत आमच्या शाळेंत नाताळचें नाटक झालें. बेथलेहेमच्या उतारशाळेचा मालक योसेफ व मरीया यांस जागा नसल्याचें सांगतो, हा प्रवेश दरवर्षीं होतो, आणि मुलें त्या मालकावर मनापासून रागावतात. यंदा तो प्रवेश पाहतांना आम्हांस त्या मालकाचा राग आला नाहीं. तो बिचारा खरेंच बोलत असेल. त्याच्या खोल्या भरलेल्याच असतील. आमच्या मनांत आलें कीं आंत असणारांपैकीं एखादा तरी असा असेल, ज्याचें काम सकाळींच संपलें होतें, आणि जो केवळ सांगून जाण्याचें विसरला होता. कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत आम्हीं वर्गांत किती वेळां समजावून दिला असेल याची गणती नाहीं. तो आमच्यासाठींच सांगितलेला आहे, हें कळण्यास आम्हांस एक टर्मिनल लागलें.

मर्यादा वाढवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. गरज खरी असेल तेथें ती वाढविलीच पाहिजे. घरबसल्या तिकिटें काढण्याची सोय २००२ सालीं सुरू झाल्यावर मागणारांची संख्या इतकी वाढली कीं ऑगस्ट २०१४ मध्यें रेल्वेनें नवी व्यवस्था उभी केली. तेव्हां मिनिटाला २,००० तिकिटांच्या जागीं ७,२०० तिकिटें देण्याची, आणि एकाच वेळीं ४०,००० च्या जागीं १,२०,००० लोकांना आंत घेण्याची तयारी तींत होती. तेथें दाराशीं खरोखरीच लाखों माणसें उभीं होतीं. आमच्या दाराशीं एकच मुलगा उभा होता, आणि त्याची जागा आम्हीं अडविली होती. म्हणून क्रम असा असावा: प्रथम यंत्र काय म्हणतें तें शब्दशः वाचावें, मग आंत बसलेल्यांची मोजदाद करावी, जे उठून गेले आहेत त्यांच्या जागा मोकळ्या कराव्या, आणि एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर मर्यादा वाढवावी, पण ती सर्व वह्यांत वाढवावी. मोजदाद करतांना पहिला आंकडा आपला धरावा.

त्या सायंकाळीं आम्ही अजनीस गेलों. मुलगा घरांत होता. त्याच्या आईनें चहा दिला. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो संकोचून “नाहीं सर, असूं द्या सर” असें म्हणत राहिला, आणि आमच्याकडे पाहण्याचें टाळीत राहिला. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेपुढें आम्हीं झाली गोष्ट सांगितली. त्याला वाटलें असेल कीं आतां तरी हा विषय संपावा. पण तो नाताळच्या सुटीनंतरहि मंडळांत आला नाहीं. आम्हीं बोलाविलें नाहीं. अपमान करण्यास अर्धें मिनिट पुरलें. तो विसरण्यास त्यानें किती वेळ घ्यावा हें ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस एका दुपारीं तो आपणहून कॉम्प्यूटर-खोलींत आला. कांहीं वेळ उभा राहून म्हणाला, “सर, यंत्र खोटें बोललें नव्हतें.”

“नाहीं,” आम्ही म्हणालों. “आणि तूंहि नव्हतास.”

तो हंसला नाहीं, पण आठव्या जागेवर बसला. सातजण आधींच आंत होते. पडदा एकदम आला. त्यानें आपला प्रोग्रॅम चालविला. यंत्रानें अंतर विचारलें. त्यानें नागपूर ते मुंबई म्हणून ८३७ किलोमीटर घातले. तळाशीं क्षणभर फुली उमटली, आणि जुन्या भाडेपत्रकांतील भाडें पडद्यावर आलें. फेब्रुवारींत एका शनिवारीं त्याचे वडील पुन्हां आले आणि त्यांनीं तो पाहिला. त्या वेळीं टाळ्या वाजविण्यास आम्ही नऊ जण होतों.

आतां कॉम्प्यूटर-खोलीच्या दाराशीं एक वही टांगली आहे. कोण केव्हां जोडला आणि केव्हां सोडून गेला, याची नोंद प्रत्येकानें तींत करावयाची. ती ठेवण्याचें काम त्या मुलाकडे आहे. पहिल्या पानावर पहिलें नांव आमचें आहे. आलों ती वेळ लिहिलेली आहे, गेलों ती वेळहि लिहिलेली आहे, आणि तिच्यापुढें त्याची सही आहे.

जे पालक त्या दिवशीं खोलींत होते त्यांस आमची विनंती आहे कीं त्यांनीं हें पान आपल्या मुलांसह वाचावें. भिंतीशीं उभा असलेला तो मुलगा खरें बोलत होता.